फायरमनचा फिटनेस: अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

भरतीच्या मैदानावर प्रत्येक फायरमन फिट असतो. उंची, छाती, वजन सगळं मोजून घेतलेलं असतं, तो धावूनही दाखवतो. काळजी त्यानंतरच्या तीस वर्षांची आहे. नोकरी लागली की पुन्हा कोणी मोजत नाही, कोणी विचारत नाही. आणि पंचेचाळिशीतला तोच माणूस नागपुरातल्या लकडगंजच्या आरामशीनला आग लागली की बी.ए. सेट (धुरात श्वास घेण्यासाठीचं हवेच्या सिलिंडरचं उपकरण) पाठीवर घेऊन आत शिरतो.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरातले अधिकारी इथे शिकून जातात. निदान या शहरात तरी जवानाचा फिटनेस ही ज्याची त्याची खासगी बाब समजली जाऊ नये. ती केंद्र अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. बरेच अधिकारी ती मनापासून घेतातही, पण काही चुकांमुळे चांगला हेतू वाया जातो.

व्यायामाची शिक्षा करणे

"उशीर झाला? मार मैदानाला पाच चकरा." हे वाक्य ज्या केंद्रात ऐकू येतं, तिथे कोणी आपणहून धावायला उतरणार नाही. धावणं म्हणजे अपमान, हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. शिस्तीचा भंग झाला तर त्याचे वेगळे मार्ग आहेत, व्यायाम त्यात ओढू नका.

चाचणीचंही तसंच. "नापास झालात तर वर कळवीन" असं म्हटलं की चाचणीच्या दिवशी निम्म्या लोकांचे गुडघे दुखायला लागतात. अमेरिकेत अग्निशमन कर्मचाऱ्यांची युनियन आणि अग्निशमन प्रमुखांची संघटना यांनी १९९०च्या दशकात एकत्र बसून फिटनेसचा कार्यक्रम आखला. चाचणी शिक्षेसाठी नाही आणि माणसाची तुलना त्याच्याच मागच्या निकालाशी करायची, हे त्याचं मूळ तत्त्व. आपल्याकडेही हेच चालेल. सहा महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर होज (पाण्याचा पाइप) नेताना किती वेळ लागला होता आणि आज किती लागला, एवढंच त्या जवानासमोर ठेवा. भिंतीवर सगळ्यांची यादी लावायची गरज नाही.

पळण्याआधी हृदय न तपासणे

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या फायरमनच्या मृत्यूंचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या कामाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण ड्यूटीवर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के त्याच वेळात झाले होते. कारण समजायला अवघड नाही. गाढ झोपेत बेल वाजते, नाडी एकदम चढते, त्यावर जड गणवेश, उष्णता, धूर आणि ओझं. धमनीत आधीच अडथळा असेल तर तो अशा वेळी उघडा पडतो.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पळवू नका. आधी बी.पी., साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्या आणि डॉक्टर म्हणाले तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी. टीएमटीच्या अहवालात 'मेट्स' असा, शरीर किती श्रम पेलू शकतं हे सांगणारा एक आकडा असतो, तो बघायला शिका. अमेरिकी मानकांत फायरमनसाठी बराच काळ १२ मेट्स ही पातळी धरली जायची. आपल्या माणसाचा आकडा बराच खाली असेल तर त्याच्यापुरता कार्यक्रम चालण्यापासून सुरू होईल. वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरं सांगते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं, हा डॉक्टरांचा ठोकताळा आहे.

इथे अडचण तपासणीची कमी आणि विश्वासाची जास्त असते. साखर निघाली तर गाडीवरून काढतील, टेबलावर बसवतील, या भीतीने माणसं गोळ्या लपवून घेतात. अहवाल डॉक्टर आणि जवान यांच्यातच राहील आणि अधिकाऱ्याला फक्त "ड्यूटीला योग्य", "अमुक काळ हलकं काम" एवढंच कळेल, असं आधीच सांगा. सांगितलं ते पाळा. एकाचा आजार चहाच्या टपरीवर पोचला तर पुढच्या वर्षी तपासणीला खरं कोणी बोलणार नाही.

मे महिन्यातही जानेवारीचंच वेळापत्रक

नागपूरचा उन्हाळा नव्याने सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. आगीचे कॉल वाढतात तेही नेमके याच दिवसांत, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागली की पथकं तासन् तास तिथेच अडकतात. अशा काळात सकाळी नऊला मैदानावर पळवणं धोक्याचं आहे.

पण उन्हाळाभर व्यायाम बंद ठेवणं हीसुद्धा चूकच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. ती सवय हळूहळू वाढवत नेलेल्या श्रमातून येते आणि काही आठवडे खंड पडला की जाते. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटापासूनच हलक्या गणवेशात थोडा थोडा वेळ वाढवा. एप्रिल-मे मध्ये सूर्य वर यायच्या आत उरका, जोर कमी ठेवा. महिनाभर रजेवर असलेला माणूस मे मध्ये परतला तर त्याला पहिले काही दिवस सावकाश घेऊ द्या.

पाण्याबद्दल थोडं. तहान लागल्यावर पिणं म्हणजे उशीर झालेला असतो. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी, ओआरएस गाडीवर ठेवा. मोठ्या आगीवर बी.ए. सेटचा एक सिलिंडर संपला की निदान १० मिनिटं सावलीत, दुसरा संपला की २० मिनिटं, अंगरखा उघडून, हात-मान ओल्या कापडाने पुसून बसवायचं. त्या वेळात नाडी बघायची. माणूस बडबडायला लागला, गोंधळला किंवा चालताना झोक जाऊ लागला तर "थोडा आराम कर" म्हणू नका. उष्माघात समजून लगेच पाण्याने थंड करायला घ्या आणि रुग्णवाहिका बोलवा.

कामाशी नातं नसलेला व्यायाम

बऱ्याच केंद्रांत एक कोपरा असतो, त्यात बेंच, डंबेल आणि आरसा. दंड फुगतात, वाईट काहीच नाही. पण आग विझवताना लागतात पाय, पाठ, हाताची पकड आणि दम.

नेहमीचा ६३ मिलिमीटरचा, १५ मीटर लांबीचा डिलिव्हरी होज पाण्याने भरला की नुसतं पाणीच सुमारे ४७ किलो होतं. तो ओढत जिना चढायचा, पाठीवर १० ते १५ किलोचा बी.ए. सेट, वर गणवेश, बूट, हेल्मेट. याची तयारी यासारख्याच कामातून होते: भरलेला होज ओढणं, शिडी उचलणं आणि लावणं, डमीला ओढत नेणं, गुंडाळलेला होज खांद्यावर घेऊन जिना चढणं. हे सामान प्रत्येक केंद्रात आहे, एक रुपयाही लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस हे, दोन दिवस चालणं-धावणं किंवा सायकल, उरलेल्या एखाद्या दिवशी पाठ आणि खांद्यांचा व्यायाम. नुसतं डांबरी रस्त्यावर रोज पळवलं तर महिन्याभरात नडग्या आणि गुडघे धरतात.

बी.ए. सेट लावून केलेला सराव मात्र दमवून टाकतो, तो ड्रिलच्या दिवशीच ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा लोकांना उचलून, दोरीने, बोटीने बाहेर काढावं लागलं. पोहणं आणि माणूस उचलून चालणं यांचा सराव पावसाळ्याआधी व्हायलाच हवा.

ड्यूटी सुटल्यावर करा म्हणणे

घरी मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, कोणाचा काटोल-उमरेडहून रोजचा प्रवास. ड्यूटी सुटल्यावर कोणी करणार नाही आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. हजेरी आणि गाडीची तपासणी झाली की ४० मिनिटं ड्यूटीतच द्या. मनुष्यबळ कमी असतं हे खरंच, म्हणून सगळ्यांना एकदम घेऊ नका. अर्धं पथक व्यायामाला, अर्धं तयारीत, दुसऱ्या दिवशी उलट. व्यायाम करणाऱ्यांचे बूट आणि गणवेश गाडीजवळच हवेत. आणि ड्यूटीवर कोणालाही पार गळेपर्यंत दमवायचं नाही, कारण पुढच्याच मिनिटाला बेल वाजू शकते. थांबताना निदान एक वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे.

साहेब केबिनमध्ये

अधिकारी स्वतः उतरला नाही तर बाकी सगळं फुकट आहे. त्याने पहिलं यायची गरज नाही. पन्नाशीचा केंद्र अधिकारी चालत चकरा मारतोय, हे दिसलं तरी पुरतं.

सुरू केलं, पण महिन्यात बंद पडलं?

बहुतेक वेळा कारण एकच: सगळं एका उत्साही माणसावर उभं होतं आणि त्याची बदली झाली. प्रत्येक पाळीत दोघांना तयार करा, त्यातला एक तरुण विमोचक (फायरमन) आणि एक जुनाजाणता असावा.

बंदोबस्ताचा काळही कार्यक्रम मोडतो. गणपती विसर्जन, दीक्षाभूमीचा सोहळा, दिवाळी, मग डिसेंबरचं विधिमंडळ अधिवेशन. त्या दिवसांत ४० मिनिटांचा आग्रह सोडा आणि १० मिनिटं चालणं, ताणाचे व्यायाम एवढंच ठेवा. पण शून्यावर जाऊ देऊ नका.

"साहेब, आता नाही होत माह्याच्यानं," असं एखादा ज्येष्ठ जवान म्हणाला तर त्याला तरुणांच्या रांगेत उभं करू नका. त्याला पंधरा मिनिटं चालायला लावा आणि वेळ त्याच्याच वहीत लिहायला सांगा. वाहनचालक यंत्रचालक तर हमखास विसरले जातात. तासन् तास बसून त्यांची कंबर जाते, पोट सुटतं आणि मोठ्या आगीत पंपाशी तेच उभे असतात. त्यांचं नाव यादीत पहिलं घाला.

महिला जवान असतील तर कपडे बदलायला स्वतंत्र जागा आणि सोयीची वेळ आधी ठरवा. देशातल्या पहिल्या महिला फायर फायटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर याच नागपूरच्या महाविद्यालयात शिकल्या. काम सगळ्यांना सारखंच आहे, तेव्हा सरावही सारखाच हवा.

खाण्यावर भाषण देऊ नका. रात्रपाळीनंतर तर्री पोहे आणि समोसा खाणाऱ्याला आकडेवारी सांगून उपयोग नसतो. केंद्रात फुटाणे, केळी, मोसमात संत्री आणि थंड पाणी हाताशी ठेवलं तर तेही खाल्लं जातं.

नव्याने सुरू करायचं असेल तर दिवाळीनंतरचा आठवडा धरा. हवा चांगली असते. तपासण्या नोव्हेंबरात, चालणं आणि हलका सराव डिसेंबरात अधिवेशनाच्या बंदोबस्तातही चालू ठेवता येतो, जानेवारीत होज आणि शिडी. फेब्रुवारीच्या शेवटापासून पथकाला उन्हाची सवय लावायला वेळ मिळतो आणि पहिली चाचणी १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाच्या आधी होऊन जाते.