कोल्हापुरात बसून क्लाउड शिकताना

पोरं सारखी विचारतात, क्लाउड शिकायला पुण्याला जायला लागतंय का. नाय ओ, सगळं ब्राउझरमधूनच चालतंय, पुणं लागलं तर नोकरीला.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याची मशिनं इंटरनेटवरनं भाड्यानं वापरायची आणि वापराल तेवढं बिल भरायचं. अॅमेझॉननं 2006 ला एस-थ्री (फाइली साठवायची जागा) आणि ईसी-टू (भाड्याची मशिनं) आणलं, तिथनं ह्या धंद्यानं जोर धरला. ती मशिनं खरीखुरी इमारतींत असतात बरं का, अॅमेझॉनचं मुंबई रीजन (तिथल्या डेटा सेंटरांचा गट) 2016 पासून आहे आणि त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे एकमेकांपासून लांब ठेवलेली डेटा सेंटरं. लांब कशाला, ते 2019 चा महापूर बघितलेल्याला सांगायला नको. शाहूपुरीत तळमजल्यावर सर्व्हर, त्याच खोलीत बॅकअपची हार्डडिस्क, पाणी शिरलं की दोन्ही एकदम गेलं.

आयास, पास, सास ही क्लाउड सेवेच्या प्रकारांची नावं पाठ करत बसू नका, कामात येतंय तसं कळतं. आधी लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) करा, एसएसएचनं म्हणजे लांबच्या मशिनमधे कमांड देत आत जाणं, परमिशन, लॉग म्हणजे मशिननं लिहिलेल्या नोंदी वाचणं, मग आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता), सबनेट (नेटवर्कचा छोटा भाग), पोर्ट (मशिनमधे शिरायचं नंबरचं दार). एवढं झालं की क्लाउडवर एक छोटं मशिन भाड्यानं घ्या, त्यावर एनजिनएक्स (वेब पानं दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि स्वतःचं वेब पान उघडून बघा. पहिल्या फटक्यात बहुतेक उघडत नाही, आणि खरं शिक्षण तिथंच हाय! ब्राउझर नुसता गरगर फिरत बसला आणि शेवटी टाइमआउट आला तर आधी सिक्युरिटी ग्रुपमधे, म्हणजे मशिनच्या फायरवॉलमधे, वेबचं 80 पोर्ट उघडा आहे का बघा, आणि लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर तुम्ही मशिनपर्यंत पोचलाय पण बहुतेक एनजिनएक्सच बंद पडलंय. मुलाखतीत हेच विचारतात, साइट उघडत नाही, कुठनं बघायला सुरुवात करशील? नुसतं सर्टिफिकेट घेतलेली पोरं इथंच गप्प होतात.

बिलाचं मात्र लई सांभाळा. मशिन स्टॉप केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, पब्लिक आयपीव्ही-फोरला (मशिनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) पण अॅमेझॉनवर 2024 पासून पैसे लागतात, म्हणून काम झालं की टर्मिनेट करा, म्हणजे मशिन कायमचं काढून टाका, आणि मागं डिस्क राहिली नाही ना बघा. बजेट अलर्ट लावा, पण तो फक्त मेल पाठवतो, मशिन आपोआप बंद करत नाही. आणि रूट अकाउंटला (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याला) एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी, पहिल्याच दिवशी लावा, त्यात कंटाळा नको.