त्रे चीमे दी लावारेदोचे खडक कसे वाचावेत

उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेत त्रे चीमे दी लावारेदो हे तीन सुळके शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांतला मधला, चीमा ग्रांदे, 2,999 मीटर उंच आहे. त्यांचे भूविज्ञान समजून घ्यायचे असेल, तर दगड हातात घेण्याची घाई करू नये. आउरोन्झो निवाऱ्यापासून पायवाटेने लावारेदो खिंडीपर्यंत चालत जावे आणि तेथून उत्तरेकडील कडे आधी नुसते न्याहाळावेत.

सर्वप्रथम उतार कोठे बदलतो ते शोधावे. वरचे उभे कडे डोलोमाइट या चुनखडकासारख्या दिसणाऱ्या टणक खडकाचे आहेत, तर त्यांच्या पायथ्याशी मऊ, चिकणमातीयुक्त राइब्ल थर आहेत. हे थर लवकर झिजतात, त्यामुळे वरच्या खडकाचा आधार सुटतो, तो उभ्या भेगांवरून तुटून कोसळतो आणि कडा तासल्यासारखा राहतो.

नंतर कड्यावरील आडव्या रेषा पाहाव्यात. सह्याद्रीतील लाव्हाचे थर पाहण्याची सवय असलेल्या मराठी डोळ्याला या पायऱ्या ओळखीच्या वाटतील, परंतु हे साम्य फसवे आहे. येथील थर सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, भरती-ओहोटीच्या उथळ समुद्रात साचले. तळ हळूहळू खचत गेला आणि त्यावर चुन्याचा गाळ साचत राहिला, म्हणून शेकडो मीटर जाडी झाली तरी समुद्र उथळच राहिला. मला या डोंगराची सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. पायथ्याच्या पडलेल्या दगडांत सूक्ष्मजीवांच्या चादरींनी घडवलेले बारीक नागमोडी पापुद्रे शोधावेत, तसेच मेगालोडॉन शिंपल्यांचे गाईच्या खुरासारखे दिसणारे छेदही शोधावेत.

शेवटी चुनखडक आणि डोलोमाइट यांतला भेद तपासावा. चुनखडकातील कॅल्शियमची काही जागा मॅग्नेशियमने घेतली की डोलोमाइट बनतो. 1789 साली देओदा द डोलोमिय या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, आल्प्समधील हा खडक चुनखडकासारखा दिसत असूनही आम्लात फारसा फसफसत नाही, आणि पुढे त्याचेच नाव खडकाला मिळाले. आजही हीच कसोटी वापरतात: विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच चुनखडक जोराने फसफसतो, डोलोमाइटवर मात्र बुडबुडे क्वचितच दिसतात, तोच डोलोमाइट चाकूने खरवडून त्याच्या भुकटीवर थेंब टाकल्यास मंद फेस येतो. ही चाचणी घरी, स्वतःच्या संग्रहातील नमुन्यावर, हातमोजे व चष्मा घालूनच करावी, कारण त्रे चीमेचा परिसर संरक्षित आहे आणि तेथील दगड फोडणे किंवा उचलून नेणे योग्य नाही.