गोवराच्या नोंदी ठेवताना या चुका टाळा

ताप आणि पुरळ असलेले मूल आढळले की आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्याचे नाव चढते, तरीही साथीचा माग लागत नाही. कारण पुरळ कधी उठले याऐवजी मूल दवाखान्यात कधी आले, ती तारीख लिहिलेली असते. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवतो आणि लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत ७ ते २१ दिवस जातात. मूळ तारीखच चुकली, तर त्या काळात मूल कोणत्या अंगणवाडीत गेले आणि कोणत्या नातेवाइकांकडे राहिले, याची सगळी चौकशी भलत्याच दिवसांची होते. आईला नुसते ‘कधीपासून?’ असे विचारल्यास ती बहुधा तापाचा दिवस सांगते. म्हणून ‘कानामागे, चेहऱ्यावर लाल पुरळ पहिल्यांदा कधी दिसले?’ असे स्पष्ट विचारावे.

पुरळ उठल्यावर पहिल्या ३ दिवसांत घेतलेल्या रक्तात आयजीएम प्रतिपिंडे (अलीकडेच झालेल्या संसर्गाची खूण) दिसतीलच असे नाही. त्यामुळे तेवढ्या एका अहवालावरून नाव खोडू नये. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांपर्यंत पुन्हा नमुना घेता येतो. जीवनसत्त्व ‘अ’चे सलग दोन दिवसांचे दोन डोस मात्र अहवालाची वाट न पाहता द्यावेत.

‘सगळे डोस झाले’ या तोंडी उत्तरावर लसीकरणाचा रकाना भरू नये. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. कार्डावर दोन्ही तारखा पाहाव्यात आणि कार्ड नसेल तर ‘माहिती नाही’ असेच लिहावे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील बांधकामांवर राहणारी मुले यादीतून हमखास सुटतात, तेव्हा तेथे मजूर कामावरून परतल्यावर, संध्याकाळी जावे. एखाद्या घरात देवी आल्याचे मानून दाराला कडुलिंबाचा पाला बांधलेला असेल, तर वाद न घालता आशाताईंनी उंबऱ्याबाहेरूनच मुलाची विचारपूस करावी. दुखावलेले कुटुंब पुढच्या वेळी आजार लपवते.

विटावा ठाणे महापालिकेत आणि त्याला लागून असलेले दिघा नवी मुंबईत येते. दिघ्याचे मूल विटाव्यातील खासगी डॉक्टरांकडे गेले, तर केवळ दवाखान्याचा पत्ता नोंदवल्यामुळे ते दोन्हीकडच्या पाहणीतून निसटते. राहण्याचा पत्ता, जवळची खूण आणि पालकांचा फोन क्रमांक घेऊन त्या भागातील आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.