नवी आवृत्ती जाहीर करण्याआधी कॅशचं बघा

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांसाठी मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर करतो. नवी आवृत्ती आल्याचं व्हॉट्सॲपवर टाकलं की पूर्वी लगेच फोन यायचे, "अहो, पानावर तर जुनीच दिसतेय!" कारण कॅश, म्हणजे ब्राउझरने किंवा मधल्या सर्व्हरने जपून ठेवलेली पानाची प्रत. बिल्ड (चालवायला तयार फाइल), चाचणी, बदलांची यादी हे सगळं तुमचं तयार आहे असं धरून पुढचं सांगतो.

पहिलं काम आदल्या दिवशीचं, आणि माझी फजिती इथेच झाली. डाउनलोडच्या पानाच्या हेडरमध्ये (सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या सूचनांमध्ये) मी मॅक्स-एज, म्हणजे प्रत किती सेकंद ताजी समजायची ती मुदत, ८६४०० दिलं होतं, म्हणजे २४ तास. रिलीज झाल्यावर सीडीएन (पानाच्या प्रती ठेवून त्या वाटणारे मधले सर्व्हर) पर्ज केलं, म्हणजे तिथल्या जुन्या प्रती पुसल्या, आणि निर्धास्त चहा प्यायला बसलो. पण पर्ज सीडीएनपुरतंच. सकाळी ज्याने पान उघडलं होतं, त्याचा ब्राउझर दुसऱ्या सकाळपर्यंत ती प्रत ताजीच समजतो, सर्व्हरला विचारायलाही येत नाही. ऐनवेळी हेडर बदलूनही काही होत नाही, कारण नवा हेडर पान नव्याने मागणाऱ्यालाच मिळतो. म्हणून जुनी मुदत २४ तासांची असेल, तर रिलीजच्या किमान २४ तास आधी ती उतरवायची. मी तर कायमचंच मॅक्स-एज ०, एस-मॅक्सएज ३६०० करून टाकलंय. पहिला आकडा ब्राउझर पाळतो, दुसरा सीडीएन. फोनमधली प्रत आपल्याला पुसता येत नाही, म्हणून तिथे शून्य. पान बदललेलं नसेल तर ईटॅग (त्या प्रतीची ओळखखूण) जुळतो, ३०४, म्हणजे 'बदल नाही', असं उत्तर जातं आणि मजकूर पुन्हा उतरत नाही. रेंजसाठी सड्यावर चढणाऱ्या माणसालाही हे परवडतं.

"कंट्रोल-एफ५ दाबा" (म्हणजे कॅश सोडून पान नव्याने मागवा) हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. फोनवर ते बटण दाखवा आधी!

डाउनलोड होणाऱ्या फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा घाला. मग तिला वर्षाची मुदत, ३१५३६००० सेकंद, खुशाल द्या. जुन्याच नावावर नवी फाइल कधीच चढवू नका.

रिलीजच्या दिवशी आधी फाइल, मग पान, मग पर्ज. पान बदलण्याआधी पर्ज केलंत आणि तेवढ्यात कुणी ते उघडलं, तर सीडीएन जुनंच पुन्हा भरून घेतं. फाइल चढायच्या आधी कुणी लिंक दाबली तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' हे उत्तरसुद्धा, कॅश होऊ शकतो. त्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

तपासायला ब्राउझरची इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकी उघडणारे बरेच. तिची कॅश रिकामी असते, त्यामुळे तिथे फार तर सीडीएन कळतं, गिऱ्हाइकाचा फोन नाही. मी आईच्या फोनवर आदल्या दिवशीच पान उघडून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच फोनवर, वायफाय बंद करून, पुन्हा उघडतो. तिथे नवा आकडा दिसला की मगच ग्रुपवर मेसेज टाका, आणि मेसेजात आवृत्तीचा आकडा लिहा, म्हणजे ज्याला जुनं दिसतंय तो निदान नेमकं काय दिसतंय ते फोनवर सांगू शकेल.