वहीतले पासवर्ड टर्मिनलमधी

भाऊ, आमच्या यवतमाळकडं पीकविम्याचा, बँकेचा पासवर्ड अजून वहीच्या मागच्या पानावर असते, अन् ती वही कोणाच्याबी हाती लागते. लॅपटॉपवर लिनक्स असन तर 'पास' टाका, हा टर्मिनलमधी, म्हणजे कमांड टाईप कराच्या खिडकीत, चालणारा पासवर्ड सांभाळाचा प्रोग्राम आहे. आधी जीपीजीची, म्हणजे फाईल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामची, की (किल्ली) बनवा, तिचा पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, चांगला लांब ठेवा, मग पास इनिट अन् समोर कीचा आयडी. नवा पासवर्ड पाहिजे तर पास जनरेट, खात्याचं नाव, अन् 20 लिहा, म्हणजे 20 अक्षरांचा बनते. पास डॅश सी अन् नाव केलं का कॉपी होते, 45 सेकंदानं क्लिपबोर्डवरून पुसूनबी जाते. जुना टाकाचा तर पास इन्सर्टच करा, कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहू नका, हिस्टरीत, म्हणजे जुन्या कमांडच्या यादीत, उघडा राहते. पासवर्ड ज्या फाईलीत राहते तिचं नाव एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होत नाही, म्हणून नावात खातेनंबर नको. की अन् पासवर्डचं फोल्डर, दोन्ही पेनड्राईव्हवर घेऊन कपाटात ठेवा, माया लॅपटॉप पावसाळ्यात बंद पडला तवा त्याच्यातूनच सगळं परत आलं.