फेजंट बेट: काठावरून कसं बघावं

स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बिदासोआ नदीतलं हे निर्जन बेट १ फेब्रुवारी ते ३१ जुलै स्पेनच्या, उरलेले सहा महिने फ्रान्सच्या ताब्यात असतं. लांबी जेमतेम २०० मीटर. १६५९ चा स्पेन-फ्रान्समधला पिरेनीजचा तह इथेच झाला. पुढच्या वर्षी स्पेनच्या राजकन्येचा हात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हाती दिला गेला तोही इथेच. संयुक्त मालकी मात्र १८५६ च्या करारानं आली.

स्पेनमधल्या सान सेबास्तियानहून युस्कोट्रेननं फ्रान्समधल्या आंदाईला उतरा, नदीकाठानं प्रवाहाच्या उलट दिशेला साधारण दोन किलोमीटर चाला. बेहोबियाच्या पुलाच्या थोडं अलीकडे झाडीनं भरलेलं बेट आणि मधला स्मारकस्तंभ दिसतो. पूल ओलांडून स्पेनमधल्या इरुनच्या बाजूनंही बघा. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा इथे चालतो, कारण दोन्ही देश शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत. पासपोर्ट हॉटेलवर ठेवून निघू नका. फ्रेंच पोलीस या सीमेवर तपासणी करतात.

बेटावर उतरायला एरवी बंदी आहे. ओहोटीला पाणी उथळ दिसलं तरी उतरू नका. आणि फेजंट (तितराच्या कुळातले पक्षी) शोधू नका, तिथे ते नाहीत.