कोहळ्याचे मसालेदार वॉफल घरी कसे करावेत

नागपूरच्या बाजारात कोहळे मागितले की लाल भोपळाच हाती येतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पेठ्याचा पांढरा कोहळा समजू नये. याच कोहळ्याच्या गरात कणीक आणि गूळ कालवून आपल्याकडे बोंडे तळतात. ज्या घरात बोंडे जमतात तिथे वॉफल, म्हणजे दोन तापलेल्या जाळ्यांमध्ये भाजलेली चौकटीदार कुरकुरीत पोळी, जमायलाही हरकत नाही, कारण दोन्हींत खरी परीक्षा कोहळ्यातल्या पाण्याची असते. मसाला थोडा कमीजास्त झाला तरी चालते; पाणी जास्त राहिले तर वॉफल वरून तांबूस दिसते आणि आतून ओलेच राहते.

भाजीवाल्याकडे कोहळ्याच्या कापलेल्या फोडी मिळतात हे सोयीचे आहे, कारण आतला गर पाहून घेता येतो. गर गडद शेंदरी, घट्ट आणि हाताला जड लागणारा असावा. फिकट, तंतुमय गर असलेली फोड भाजीला ठेवावी. अर्धा किलोची फोड बिया काढून, साल न काढता, मोठ्या तुकड्यांत चिरावी आणि साल खाली ठेवून चाळणीवर १५ मिनिटे वाफवावी. पहिल्या वेळी मी कोहळे कुकरमध्ये पाणी घालून शिजवले आणि तोच गर पिठात मिसळला, तेव्हा झाकण उचलताच प्रत्येक वॉफल मधोमध फाटून अर्धे वर आणि अर्धे खाली चिकटले होते.

वाफवलेला गर चमच्याने खरवडून मऊ घोटावा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटे परतावा. सुरुवातीला कडेने पाणी सुटते आणि बुडबुडे फुटतात. मग आवाज मंदावतो, रंग एक छटा गडद होतो आणि उलथणे फिरवले की कढईचा तळ क्षणभर उघडा राहतो. एवढे झाले की गॅस बंद करावा. गर पूर्ण गार होऊ द्यावा आणि त्यातला १८० ग्रॅम, म्हणजे साधारण पाऊण कप, मोजून घ्यावा.

अमेरिकेत ‘पमकिन पाय’ या भोपळ्याच्या गोड पदार्थात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग घालतात, आणि हे चारही जिन्नस आपल्या डब्यात असतातच. नसल्यास नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा दुकानांतून आणावेत. दालचिनीची पूड एक चहाचा चमचा, सुंठ अर्धा चमचा, किसलेले जायफळ पाव चमचा आणि किंचित गरम करून कुटलेल्या तीन लवंगा एवढे पुरते. वेलची मात्र मी घालत नाही, कारण तिचा वास आला की जीभ पुरणपोळीच्या वाटेने जाते आणि कोहळ्याची चव मागे पडते.

आता १२५ ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कणीक, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि वरचा मसाला एकत्र चाळावा. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो, म्हणून ते वगळू नये. दुसऱ्या भांड्यात गर, ५० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ, २०० मिलिलिटर कोमट दूध, ६० ग्रॅम पातळ केलेले तूप आणि दोन अंड्यांचा पिवळा बलक गूळ विरघळेपर्यंत फेटावा. त्यात कोरडे पीठ घालून हलक्या हाताने कालवावे. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी राहू द्याव्यात, कारण जास्त घोटल्याने वॉफल चिवट होते. शेवटी अंड्यांचा पांढरा भाग फेस उभा राहीपर्यंत फेटून अलगद मिसळावा. अंडी न खाणाऱ्यांनी त्याऐवजी १०० ग्रॅम दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घ्यावा आणि दूध १५० मिलिलिटरच घालावे.

वॉफल मेकर पूर्ण तापल्याशिवाय पीठ ओतू नये. दोन्ही जाळ्यांना तुपाचे बोट फिरवून मध्यभागी डावभर पीठ घालावे आणि झाकण लावावे. मेकरचा दिवा लागला म्हणून लगेच झाकण उघडू नये. कडांतून येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा मिनिटे, वाट पाहावी, कारण ती वाफ म्हणजे कोहळ्यातले उरलेले पाणीच असते. काढलेले वॉफल ताटात एकावर एक न रचता जाळीवर सुटे ठेवावे, नाहीतर स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडते.

सोबत संत्र्याचा पाक फार शोभतो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर आलेल्या फुलांची, संत्री दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, आणि थंडीत कोहळेही चांगले मिळते. अर्धी वाटी गूळ थोड्या पाण्यात उकळून घट्ट करावा, खाली उतरवून कोमट झाल्यावर दोन संत्र्यांचा हाताने पिळलेला रस त्यात घालावा. नागपुरी संत्र्याचा रस उकळला किंवा बियांसकट मिक्सरमध्ये फिरवला तर कडू होतो, त्यामुळे पाक आयत्या वेळी करून गरम वॉफलवर लगेच ओतावा.